चारशे डाव्या बाह्या

"आत्या, रोज एक पोस्ट. सकाळी नवाच्या आत. एक दिवस जरी खंड पडला ना, तर मागचं सगळं पाण्यात गेलं म्हणून समज."

कामाधंद्याच्या लोकांचं ते ॲप फोनवर उतरवून देताना भाचीने हे बजावलं होतं. आखणीबाईंना ते चटकन पटलं. नेम म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

एकोणतीस वर्षं त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात आखणी केली. पुठ्ठ्याचे साचे मोठ्या कागदावर मांडायचे, कडेने रेघा ओढायच्या, आणि मग त्या रेघांवरून कटिंग मास्तर खालची कापडाची थप्पी कापणार. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाईंनी घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी काढली. लांब टेबल आणलं, दहा खुर्च्या आणल्या. विद्यार्थी आले दोन. त्यातली एक शेजारीण, तीही गप्पांसाठी. दहा खुर्च्या भरल्या नाहीत तर खोली भाड्याने द्यायची, असं घरात ठरून गेलं होतं.

म्हणून बाई रोज लिहू लागल्या. सकाळची प्रार्थना आटोपली की फोन हातात. बाही खांद्यात का ओढते, मखमलीची लव कशी ओळखावी. साठ दिवसांत चौदा फॉलोअर झाले, त्यातले सात घरचे. जावई तर न वाचताच उत्तर द्यायचे. "गुडघा सुजलाय, आज थोडक्यात लिहिते," या पोस्टखालीही त्यांनी 'अभिनंदन!' लिहिलं.

"आत्या, तू नुसतं ज्ञान वाटतेस," भाची वैतागली. "गोष्ट सांग. कुणाची तरी फजिती, शेवटी शिकवण. आणि मसाला थोडा!"

एकसष्टाव्या दिवशी बाईंनी गोष्ट सांगितली.

'आमचे एक कटिंग मास्तर होते. मखमलीच्या दोनशे कोटांच्या चारशे बाह्या त्यांनी कापल्या, त्या सगळ्या डाव्या! मास्तर स्वतः डावखुरे. त्यांना उजवी बाजू दिसणार तरी कशी?' खाली शिकवण होती: मखमलीचे सगळे थर सुलटी बाजू वर ठेवूनच अंथरतात, म्हणून बाहीचा साचा एकदा सुलटा, एकदा उलटा मांडावा.

नाव थोडंच लिहिलंय, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

दुपारपर्यंत नऊ हजार लोकांनी ते वाचलं. संध्याकाळपर्यंत शिकवणीसाठी त्रेचाळीस जणांची विचारणा आली. बाईंना आनंद झाला, खोटं कशाला सांगा. त्यांनी खुर्च्या पुसून घेतल्या. दुसऱ्या दिवशी लाखभर फॉलोअर असलेल्या एका पानाने ती गोष्ट उचलली आणि वर दोन डाव्या हातांच्या माणसाचं चित्र टाकलं. खाली कुणीतरी लिहिलं, 'अरे, हे तर आपले डावरे मास्तर! अजून काम करतात की!'

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"आखणीबाई ना? मास्तरांच्या घरून बोलते."

"अगबाई, वहिनी! किती वर्षांनी—"

"हे आता ज्या कारखान्यात आहेत, तिथल्या मालकाच्या मुलाने काल फोनवरची ती गोष्ट सगळ्यांना दाखवली. यांना कटिंगवरून उठवलं. सहासष्टाव्या वर्षी बटणं निवडायला बसवलंय." वहिनींचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "हे म्हणतात, जाऊ दे, नवी होती पोर तेव्हा. अजूनही तेच म्हणतात हो."

साचा मांडायचं काम मास्तरांचं नव्हतंच. नोकरीला सहा महिने झालेले, बाही उलटी मांडायला बाई स्वतःच विसरल्या होत्या. मालकासमोर मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "माझी नजर चुकली." कापणाऱ्यानेही बघायला हवं होतं, असं स्वतःला सांगत सांगत त्या गोष्टीतून बाई कधी बाहेर पडल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

त्यांनी पोस्ट काढून टाकली. पण ती आता शंभर ठिकाणी होती. मोठ्या पानाला लिहिलं, तर 'आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढंच उत्तर आलं. हसणाऱ्यांना एकेक करून विनवलं. एकाने लिहिलं, 'काकू, चेष्टा कळत नाही का?' मग त्यांनी सरळ लिहिलं, 'ती चूक माझी होती.' दिवसभरात ते अकरा जणांनी पाहिलं. जावयांनी लिहिलं, 'अभिनंदन!'

"कबुली कोणी पुढे पाठवत नाही गं, आत्या," भाची म्हणाली. "आता ते आपल्या हातात नाही."

बाईंनी वहिनींना फोन लावला. उचलला मास्तरांनी.

"कशाला एवढं मनाला लावून घेतेस? बटणंही कुणीतरी निवडायलाच हवीत की." ते हसायला गेले आणि खोकला आला.

वहिनींनी फोन ओढून घेतला. "ते लिहिणंबिहिणं राहू द्या. येऊन बोलाल? यांच्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलापाशी, सगळ्यांदेखत?"

"येते. उद्या दहाला. शब्द देते, वहिनी."

"तो मालकाचा मुलगा ऐकेलच असं नाही."

"माहीत आहे मला."

उद्या दहालाच नव्या शिकवणीचा पहिला वर्ग होता. नऊ जण यायचे होते. बाईंनी नऊही जणांना, का येता येत नाही ते खरं खरं कळवलं. तिघांनी 'बरं' म्हटलं. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही.

सकाळी त्यांनी बाहीचा साचा पुठ्ठ्यावर नव्याने काढून कापला. कुठे आणि काय चुकलं, ते त्या मुलाला दाखवता येणार होतं, तो बघायला थांबला तर. दाराला कुलूप लावलं. साचा दुमडू नये म्हणून छातीशी धरला, आणि दुखरा गुडघा सांभाळत त्या बसच्या थांब्याकडे चालू लागल्या.