दोन बोटं वर

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खिडक्यांचे कट्टे भरले, उरलेल्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर एक आडवी काळी रेघ मारलेली होती आणि तिथेच बँकेतली कॅशियरबाई पाठ टेकून, डोळे मिटून उभी होती. तिच्या छातीवर, डाव्या बाजूला, बरोबर रेघेच्या उंचीवर एक लाल गोल स्टिकर होता.

"देहाला नकाशा असतो, बायांनो!" सरकलेलं ठिकाणावर आणतात म्हणून 'ठिकाणावर माई' म्हणवणाऱ्या माई गरजल्या. "डॉक्टर काय करतात? सिलिकॉनची वस्तू आत बसवतात. पण तिला पत्ता सांगतात का? नाही! मग ती बिचारी वाट चुकते. कधी काखेत जाते, कधी पोटाकडे निघते. आपण तिला फक्त घरचा पत्ता द्यायचा. सुरी नाही, टाका नाही. लहरी!"

माईंनी तांब्याची कांडी फिरवली, डोळे पांढरे केले, हवेला खालून वर चार धक्के दिले. मग एक जड तांब्याचं भांडं कॅशियरबाईच्या हातात दिलं.

"हे डोक्याच्या वर उंच धर. लहरी वरून उतरतात."

तिनं धरलं. आणि लाल स्टिकर रेघेच्या चांगला दोन बोटं वर!

"आई गं!" सगळा हॉल एका सुरात म्हणाला. कॅशियरबाईला रडू फुटलं. भांडं अजून वरच असताना माईंनी तिच्याभोवती शाल गुंडाळली आणि वारा लागू नये म्हणून बाजूच्या दारानं तिची रवानगी केली.

कोपऱ्यात कॅमेरा खटखटत होता. तो फोटोवालीचा.

फोटोवालीचा चौकात छोटा स्टुडिओ होता. पासपोर्टचे, परवान्याचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो. दिवसभर तिचं तोंड चालायचं, "हनुवटी किंचित खाली. खांदे सैल. हात खाली." कॅन्सरमध्ये तिचा डावा स्तन काढला होता आणि त्या जागी इम्प्लांट बसवलं होतं. बरेच दिवस सगळं ठीक होतं. मग ते इम्प्लांट हळूहळू खाली आणि काखेकडे सरकू लागलं. कॅमेऱ्याचा पट्टा नीट बसेना, कपडे एका बाजूला ओढल्यासारखे दिसू लागले. सर्जननं तपासायला बोलावलं होतं. पण पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर पडायच्या भीतीनं तिनं ती वेळ रद्द करून टाकली.

आणि मग भेटल्या माई. त्यांची अट एकच: उपचार चालू असताना डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही, नाहीतर लहरी तुटतात. फोटोवालीच्या दोन बैठका झाल्या होत्या. प्रत्येक वेळी हॉलमध्ये दोन बोटं वर आणि घरी आरशासमोर जैसे थे. "शंका घेतलीस," माई म्हणाल्या. दुसऱ्या बैठकीत त्यांनी कांडीनं चांगलं रगडलंही. तेव्हापासून ती जागा लाल झाली होती आणि हाताला गरम लागत होती.

"ऊब आली?" माई खूश झाल्या. "म्हणजे वस्तूनं उत्तर पाठवलं!"

फोटोवालीनं हेही गिळलं. वर माईंच्या जाहिरातीचं कामही तिच्याकडेच आलं, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. "चेहरे नकोत गं, लाजतात बिचाऱ्या," माईंनी बजावलं होतं. "गळ्यापासून कमरेपर्यंतच ठेव. बाजूनंही आत घे. फक्त छाती आणि रेघ दिसू दे." फोटोवालीला ही मर्यादा फार आवडली. ती एकेक फोटो मन लावून कापत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती असंच कापत बसली असताना आत्या आली. आत्या म्हणजे शाळेत जन्मभर पीटी शिकवून निवृत्त झालेली बाई. निवृत्त शाळेतून, आवाजातून नव्हे. तिनं स्क्रीनवर न कापलेला फोटो पाहिला.

"ही बाई पोलिसांनी पकडल्यासारखी हात वर करून का उभी आहे?"

"भांडं धरलंय, आत्या. लहरी वरून येतात."

"आणि आधीच्या फोटोत?"

"तेव्हा भांडं नव्हतं."

"हं. आणि हे हात तू कापून टाकतेस?"

"मर्यादा असते काही."

 मग आत्याच्या लक्षात आलं, की पोरगी डावा हात अंगाला चिकटवून बसली आहे. पडद्यामागे नेऊन तिनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल."

"नाही. आज संध्याकाळी शेवटची बैठक आहे. आता डॉक्टर पाहिला तर सगळं फुकट जाईल." फोटोवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भीती वाटते, आत्या. पुन्हा ते सगळं नको."

आत्यानं तिचा हात धरला. "बरं. बैठकीला जाऊ. पण आधी माझा नंबर, मग तुझा. आणि काहीही झालं तरी तिथून सरळ दवाखाना. कबूल?"

"तुझा नंबर? तुला कुठे इम्प्लांट आहे?"

"ते माईंना कळेल ना. लहरी आहेत त्यांच्याकडे."

संध्याकाळी आत्या रेघेसमोर उभी राहिली. माईंनी तिच्या छातीपुढून हवेत हात फिरवला आणि दचकल्या.

"अगं बाई! डावं केवढं घसरलंय! कधी बसवलं?"

"झाली बरीच वर्षं."

"पत्ता सांगितला नसेल."

"नाही हो, कुणी चकार शब्द काढला नाही."

माईंनी डाव्या बाजूला स्टिकर लावला. आत्यानं पिशवीतून दुसरा काढला आणि उजव्या बाजूला त्याच उंचीवर चिकटवला.

"हे काय? उजवं ठिकाणावर आहे. त्याला छेडू नका!"

"छेडत नाही. दोघी जुळ्या आहेत, एकीचे लाड केले की दुसरी रुसते."

बायका हसल्या. हसणाऱ्या गर्दीसमोर माईंना स्टिकर उपटता येईना. कांडी फिरली, हवेला धक्के बसले, आत्यानं भांडं डोक्यावर उचललं. डावा स्टिकर दोन बोटं वर. उजवाही दोन बोटं वर.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या.

"माई," आत्या भांड्याखालून म्हणाली, "डावीला पत्ता दिलात, ती निघाली. उजवी तर घरीच होती. ती कुठे चालली?"

"लहरी जोरात आल्या!" माई शाल घेऊन धावल्या.

फोटोवालीचा डोळा कॅमेऱ्याला होता. चौकटीत रेघ होती, दोन स्टिकर होते आणि दोन हात होते. आजवर तिनं स्वतःच्या हातानं कापून फेकलेले हात. तिच्या तोंडून सवयीनं, स्टुडिओतल्याच आवाजात निघालं, "आत्या, हात खाली. खांदे सैल."

आत्यानं भांडं खाली ठेवलं. दोन्ही स्टिकर गुपचूप रेघेवर परतले.

"हात वर."

दोन्ही वर.

"हात खाली."

दोन्ही खाली. आता आत्यातली पीटीची बाई जागी झाली. "सगळ्यांनी! हात वर! हात खाली!" अख्खा हॉल कवायत करू लागला. कुणाचा ब्रोच वर गेला, कुणाचं बटण. शंकेचं प्रायश्चित्त घ्यायला आलेल्या कॅशियरबाईची बँकेतली नावाची पट्टी दोन बोटं वर जाऊन खाली आली.

"म्हणून सकाळी घरी आरशात सगळं होतं तिथंच होतं!" ती किंचाळली.

"हिनं शंका घेतली!" माई ओरडल्या. "हिचं इम्प्लांटच दूषित आहे!"

"माझ्यात इम्प्लांट नाहीच हो. जे आहे ते जन्माचं आहे. घसरलंय हे खरं, पण ते वयानं. हात वर केले की कातडी आणि स्नायू ओढले जातात, बाहेरचा स्टिकर वर जातो. आत सरकलेलं इम्प्लांट सरकलेलंच राहतं. डोकं सोडून सगळं ठिकाणावर आणता की तुम्ही!"

हॉल हसून लोळला. त्या गोंधळात माईंनी शाल स्वतःभोवती गुंडाळली आणि वारा लागू नये म्हणून बाजूच्या दारानं निघून गेल्या.

फोटोवालीला मात्र हसू आलं नाही. तिला स्वतःचा राग आला होता आणि लाजही वाटत होती. तिनं कॅमेरा बंद केला आणि ती म्हणाली, "चल, आत्या. दवाखाना बंद होईल."

सर्जनबाईंनी आधी हात खाली ठेवूनच तपासलं. "इम्प्लांटभोवती शरीर एक कप्पा तयार करतं," त्या म्हणाल्या. "तो सैल झाला की ते सरकतं. कधी आधाराचा पट्टा लावून, लक्ष ठेवून भागतं, कधी कप्पा शिवून घट्ट करावा लागतो. ते सावकाश ठरवू. पण हा लालपणा म्हणजे संसर्गाची सुरुवात आहे. आज आलात म्हणून बरं. आणखी थांबला असतात तर बहुतेक इम्प्लांटच काढून टाकावं लागलं असतं."

फोटोवाली तिथेच ढसाढसा रडली. आत्यानं रुमाल दिला आणि जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "रड. पण औषध चुकवू नकोस."

पुढे तिला छोटं ऑपरेशन करून घ्यावं लागलं. भीती वाटली, दुखलंही, पण निभावलं.

आता स्टुडिओच्या काचेत आत्याचे दोन मोठे फोटो लावलेले आहेत. एकात हात खाली, स्टिकर रेघेवर. दुसऱ्यात हात वर, स्टिकर दोन बोटं वर. चेहऱ्यासकट, हातांसकट, कुठेही न कापलेले. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: "या दोन फोटोंच्या मध्ये आत्याला काहीही केलेलं नाही. तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर आधी पूर्ण फोटो मागा. मग म्हणा, हात खाली घेऊन दाखवा. आणि अंगात काही सरकलं, सुजलं, लाल झालं, तर सरळ डॉक्टरकडे जा."

येणारेजाणारे थांबतात, वाचतात, आणि भर चौकात हात वर करून स्वतःच्या शर्टाच्या खिशाकडे बघतात.