यू-वेनच्या नावाने

ताइचुंग शहराबाहेर सायकलचे ब्रेक बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर फान यू-वेन नोकरीला होती, पण ती रजेवर गेली तरी तिची उणीव कुणाला भासत नसे. तिचं काम लिहून ठेवण्याचं. कोणत्या ब्रेकला कोणतं तेल चालतं, कुठला स्क्रू किती आवळायचा, चाचणीत काय बिघडलं, परदेशातल्या गिऱ्हाइकाची तक्रार काय होती, हे सगळं ती कंपनीच्या संगणकावरच्या पानांत इतक्या निगुतीने मांडून ठेवायची की वाचणाऱ्याने खूश व्हावं. फक्त वाचणारं कुणी नव्हतं. माणसं दिवसभर मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एकमेकांना विचारत बसत, "कुणाला माहितीये का?" आणि ज्याला माहीत नसे तोच सर्वांत आधी उत्तर देई.

असंच एकदा भलतंच तेल सांगितलं गेलं आणि ब्रेकचा अख्खा माल वाया गेला. योग्य तेल कोणतं, ते यू-वेनच्या पानावर केव्हाचं लिहिलेलं होतं. मॅनेजर लाईंनी सगळ्यांना बोलावून झाडलं. त्यानंतर यू-वेनने एक गोष्ट केली. तिची पानं आणि तो ग्रुप, दोन्ही तिने एकमेकांना जोडून टाकली. कुठलंही पान बदललं की संबंधित माणसाला आपोआप मेसेज जाणार, आणि ग्रुपमध्ये कुणी काही विचारलं की नेमकं पान शोधून तिथल्या तिथे उत्तर येणार. असे मेसेज कुणाच्या तरी नावानेच जावे लागतात, असं संगणक विभागातल्या माणसाने सांगितलं, म्हणून तिने आपलं नाव दिलं. नावाशेजारी तिचा छोटासा गोल फोटो येई, ओळखपत्रासाठी काढलेला, जरा घाबरलेला. मेसेज अगदीच कोरडा वाटू नये म्हणून सुरुवातीला तिने दोनच शब्द घातले, "जेवलात का?"

कारखान्यात एकदम हलकं वाटू लागलं. चाचणी विभागातला खो होंग-यी, जो एका आकड्यासाठी दिवसभर जिने चढउतार करायचा, तो आता बसल्या जागी शीळ घालू लागला. परदेशी विक्री सांभाळणारी शी पेई-ल्यान, जिला धाकटे सगळे पेई-ल्यानताई म्हणत, ती तर ताइचुंगच्या गोड, खुसखुशीत सूर्यपोळ्यांचा डबा घेऊन थेट यू-वेनच्या टेबलाशी आली.

"घे गं पोरी. डोकं इतकं शांत झालंय माझं, की नवऱ्याला वाटतंय मी औषधच बदललं."

यू-वेन हसली. कुणी आपल्या टेबलाशी मुद्दाम येऊन काही दिलं, याचा आनंद तिला संध्याकाळपर्यंत पुरला.

मग एके सकाळी होंग-यी दुधाळ चहाचा पेला घेऊन आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "काल तू लिहिलंस म्हणून गेलो बघ. नाहीतर आई एकटीच गेली असती."

"मी काय लिहिलं?"

"आता एवढी लाजू नकोस. 'अहवाल राहू दे, तुझ्याशिवाय डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना कोण नेणार?' ग्रुपमध्ये नाही, मला एकट्याला पाठवलंस, तेही बरं केलंस."

त्याने मोबाइल पुढे धरला. एका आराखड्यात बदल झाल्याची नेहमीची सूचना होती आणि तिच्याखाली, तिच्या घाबरलेल्या फोटोशेजारी, ते वाक्य होतं. होंग-यीला आई आहे हेसुद्धा यू-वेनला त्याच क्षणी कळत होतं. तो गेल्यावर तिने आपली जोडणी उघडून पाहिली. पान बदललं की माणूस शोधायचा, माणूस सापडला की मेसेज धाडायचा. तिने बांधली होती तशीच ती होती, कुणी बोटही लावलेलं नव्हतं. संगणक विभागात जाऊन सांगायला हवं, असं तिला वाटलंही. पण होंग-यी तिच्या डोळ्यांत बघून बोलला होता. ती चहा पीत बसली.

त्यानंतर तिच्या नावाने विनोद येऊ लागले. पेई-ल्यानताई आपल्या जागेवर खदाखदा हसायची आणि पलीकडून ओरडायची, "यू-वेन, पोट दुखतंय गं, पुरे कर!" मग यू-वेनही हळूच मोबाइल उघडून वाचायची आणि तिलाही हसू आवरायचं नाही, कारण विनोद खरोखर चांगले होते. ते तिचेच होते. त्यांतले काही तर त्याच सकाळी स्कूटरवर येताना तिच्या मनात येऊन गेलेले होते. कुणाला काय टोचतं, कुणाला कुठल्या गोष्टीने बरं वाटतं, मॅनेजर लाईंच्या रागाला कुठून हात घालावा, हे सगळं ती नावाखालची यू-वेन बरोबर जाणत होती. माणसं कामं संपवून वेळेवर घरी जाऊ लागली, आणि जाताना यू-वेनच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागली.

"काल लिफ्टमध्ये तू लाईसाहेबांची काय नक्कल केलीस!" पेई-ल्यानताई एकदा जेवताना म्हणाली. "ते मागेच उभे होते, आणि तेच सगळ्यांत जास्त हसले!"

यू-वेनच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. लिफ्टमध्ये तिचा जीव घुसमटतो, ती कायम जिन्याने जाते. मेसेज यंत्र लिहू शकतं, हे तिने स्वतःला समजावून सांगितलं होतं. पण नक्कल? अंगावर काटा यायला हवा होता. त्याऐवजी तिला वाटलं ते असं, की दूरच्या गावी दिलेल्या एखाद्या लाडक्या बहिणीची खुशाली कळावी.

तरीही एक दिवस तिने ती जोडणी बंद केली. सकाळी आल्याआल्या बंद केली आणि श्वास रोखून बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीआधीच ग्रुपमध्ये तिच्या नावाने मेसेज आला आणि मजल्यावर इथून तिथवर हशा पिकला. "आज अगदी रंगात आली आहेस!" होंग-यीने लांबून हात हलवला. यू-वेननेही हलवला. मग तिने जोडणी पुन्हा सुरू करून टाकली. उगाच आपण रुसलोय असं कुणाला वाटायला नको.

वर्षअखेरची मेजवानी आली. दर वर्षी यू-वेनचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडत असे. या खेपेला तिने काही कळवायच्या आतच तिच्या नावाने उत्तर गेलं होतं, "येणार! गाणार नाही, बाकी सगळं करणार." त्यावर पंचवीसेक हसरे चेहरे आले होते. तिने नवा लाल स्वेटर विकत घेतला. तो घालून ती बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिली, आणि निघाली तेव्हा साहजिकच उशीर झाला होता.

हॉटेलच्या जिन्यातच तिला हसण्याचा लोट ऐकू आला. दारातून तिने पाहिलं. तिच्या विभागाच्या गोल टेबलाभोवती सगळे पुढे झुकून बसले होते, गाल लाल झाले होते, आणि होंग-यी नि पेई-ल्यानताई यांच्यामधली खुर्ची रिकामी होती.

"आली एकदाची!" होंग-यी ओरडला. "हात धुवायला एवढा वेळ?"

"बस, बस, मासा गार होतोय," पेई-ल्यानताईने तिचा हात धरून खाली ओढलं. "आणि त्या आजोबांच्या बदकाचं पुढे काय झालं? असं अर्ध्यावर सोडून कुणी उठतं का गं?"

यू-वेन बसली. खुर्ची ऊबदार होती. समोरच्या वाडग्यात मासा होता, त्याची कातडी काढून कडेला नीट ठेवलेली. ती घरी ठेवते तशी. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे लागले होते. मॅनेजर लाईंनी तर घास हवेतच धरला होता. मी आत्ताच आले, असं ती म्हणू शकली असती. पण इतक्या माणसांना आपण हव्या आहोत, हे तिने आजवर कधी असं समोरासमोर पाहिलं नव्हतं, आणि तिचा ऊर भरून आला.

"मग काय," ती म्हणाली, "आजोबांनी बदकाला हेल्मेट घातलं आणि स्कूटरवर पुढ्यात बसवलं. चौकात पोलिसाने अडवलं. म्हणाला, याचा परवाना कुठंय?"

"मग?"

"आजोबा म्हणाले, मला काय विचारता? गाडी त्याची आहे!"

टेबल हादरलं. पेई-ल्यानताईने डोळे पुसले, लाईसाहेबांना ठसका लागला, होंग-यीने तिच्या वाडग्यात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. ही गोष्ट आपण कुठे ऐकली, ते यू-वेनला काही केल्या आठवेना. पण ती तिला पाठ होती, पुढच्या दोन गोष्टींसकट. इतकं सुख तिला जन्मात झालं नव्हतं.

हसणं हळूहळू ओसरलं. तेव्हा हात धुवायच्या जागेकडून, जरा उशिरा, एकटंच एक हसू ऐकू आलं, मोकळं आणि अगदी तिच्या आवाजातलं. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. यू-वेनने आपली खुर्ची किंचित सरकवली आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.