देवाची मूठ

फाल्गुनातली ताम्रवर्णी, तप्त तिन्हीसांज. कापणी उरकलेल्या शिवारात ज्वारीची धसकटं, धसकटांत वारा, वाऱ्यात करपल्या मातीचा श्वास. आभाळ रक्तिम, निःशब्द. काही सांगायचं म्हणून थांबलेलं.

एस्तेरही थांबलेली. सुपात दळण, मांडीवर लेक तबिथा, डोळे वाटेवर. दाण्यांपेक्षा वाटच ती अधिक निवडत होती. एकेक सावली, एकेक पाऊल.

काल तिच्या नवऱ्याला, सिलासला पोलीस घेऊन गेले. मळेवाल्या मालकाच्या विहिरीवरची मोटार परवा दुपारी चोरीला गेली, आणि बोट वळलं ते गरिबाच्या दाराकडे. त्या सबंध दुपारी सिलास चर्चची कौलं चाळत होता. खाली शिडी धरून उभे होते बार्नबस आबा. मंडळीतले वडीलधारे, तबिथाच्या कपाळावर प्रार्थनेचा हात ठेवणारे.

चौकीत साहेबांनी त्यांना विचारलं. शेजारच्या खुर्चीत मालक. आबांनी मान खाली घातली.

"नीटसं आठवत नाही, साहेब."

उद्या सिलासला तालुक्याला नेणार.

दळणातली पहिली मूठ देवाची, ही तिच्या सासूची, सासूच्या सासूची रीत. मूठ कोपऱ्यातल्या मडक्यात पडायची, मडकं रविवारी आबांच्या हातून वेदीपाशी जायचं, आणि तिथून ज्याची चूल विझली असेल त्याच्या घरी. आज मूठ वळली, उघडेना. कुणाच्या हाती देऊ हे? त्याच, शिडी सोडणाऱ्या हातांत?

"तू तर वरून पाहिलंस ना," ती पुटपुटली. "मग?"

वर आभाळ पालटत गेलं. रक्तिम होतं ते धूसर झालं, धूसर होतं ते नीलकृष्ण. आणि त्या नीलकृष्णात, काल होती त्याच जागी, शुक्राची चांदणी उमटली. कुणी खोटं बोललं म्हणून न चुकलेली, कुणी गप्प बसलं म्हणून न विझलेली.

एस्तेर पाहत राहिली. माणसाचा शब्द तुसासारखा, फुंकरीसरशी उडणारा. पण ज्यानं चांदणीला जागा दिली, त्याचा?

बोटं आपसूक सैलावली. दाणे मडक्यात पडले. शुभ्र, टपोरे, नाद करत. तबिथानं लगोलग मडक्यात हात घातला.

अंगणात खोकला. आबा. चपला उतरवून, तिथंच.

"पोरी, भ्यालो गं मी. माझी पोरं मालकाच्याच उसात राबतात."

"शिडी मात्र घट्ट धरली होती तुम्ही, आबा."

म्हाताऱ्यानं चपलांत पाय सरकवले. "चौकीवर निघालोय. खरं ते सांगतो."

"एकटे गेलात तर पुन्हा विसराल," ती म्हणाली, आणि लेकीला कडेवर घेऊन उठली.

धसकटांतून वाट निघाली. पुढे आबांची लटपटती पावलं, मागे तिची सावध. चौकी दूर, उद्याचं काहीच ठाऊक नाही. तबिथाच्या चिमुकल्या मुठीत देवाचे दोन-चार दाणे घट्ट राहिलेले; आणि काळोख्या शिवारावरून, न बोलता, न थकता, त्यांच्यासंगं चांदणी चालत होती.