मावससासूबाईंचा फुरका

मावशींचं चारशे किलो पीक हॉटेलवाल्याच्या गळी उतरलं असतं, तर किलोमागे तीनशेप्रमाणे माझे एक लाख वीस हजार सुटत होते. मावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी. दीड एकर उतारावर कॉफी लावतात, फळं सोलतात, बी धुऊन वाळवतात. व्यापारी देतो त्या भावात त्यांची तोडणीची मजुरीही निघत नाही. मी शहरात बी भाजतो आणि त्यावर बोलतो. पैसे बोलण्याचे मिळतात.

हॉटेलवाल्याला एकाच मळ्याची कॉफी हवी होती, दुसरा दाणा मिसळलेला चालणार नव्हता. मालकीणबाईही दिसाव्यात म्हणून मी मावशींना बोलावून घेतलं.

नमुना भाजताना मी पाकिटावरचा मजकूर लिहीत होतो. ‘संत्र्याची साल, मध, शेवटी जाईचा दरवळ.’ जाईपाशी पेन अडलं आणि दाणे दीड मिनिट जास्त राहिले. म्हटलं, असू दे, गडद रंग भारदस्त दिसतो.

दुपारी बायकोने चार वेगवेगळ्या कॉफींचे कप मांडले, तळाला चिठ्ठ्या चिकटवून.

“मी चव घेऊन मळा ओळखतो,” मी हॉटेलवाल्याला म्हणालो. त्याने विचारलं नव्हतं.

तिसऱ्या कपाला मी डोळे मिटले. “हीच! संत्र्याची साल, मध...”

“आणि जाई?” बायकोने विचारलं.

“ती शेवटी येते.”

“आली की सांगा.”

मावशींनी चमचा घेतला आणि एकेका कपाचा असा फुरका मारला की हॉटेलवाला सावरून बसला. चौथ्याशी त्या थांबल्या.

“ही आमची.”

“मावशी, ती करपट आहे!”

“आहेच. पण खालचा गोडवा आमचा. पोर माझंच आहे जावईबापू, तोंड तुम्ही काळं केलंत.”

बायकोने कप उचलून तळ दाखवले. चौथ्याखाली ‘मावशी’. तिसऱ्याखाली ‘रोजची’, म्हणजे दुकानातलं उरलंसुरलं, सगळ्यात स्वस्त.

हॉटेलवाला हसला असता तर बरं झालं असतं. त्याने मावशींना विचारलं, “न भाजलेलं बी द्याल? भाजायला आमच्याकडे माणूस आहे.”

“भाव?”

“यांनी मला सांगितला तोच.”

“तो किती?”

त्याने आकडा सांगितला. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चमचे पुसायला घेतले.

निघताना त्यांनी पैशांची पिशवी उघडली. “नमुन्याची भाजणावळ किती झाली?”

“अहो, घरातलंच आहे...”

“किती?”

मी सांगितली. बायको बघत होती म्हणून निम्मीच.

तर हॉटेलवाल्याने मावशींना पैसे दिले, चारशे किलोचे, पूर्ण भावाने. मावशींनी मला दिले, त्यांचं बी करपवल्याबद्दल. ते बायकोने माझ्या हातातून घेतले आणि मावशींचं परतीचं तिकीट काढलं. कमी पडले ते माझ्या खिशातून.