भेटीची जागा

"ही रुग्णवाहिका दोनदा मोजली गेलीय," ती म्हणाली.

टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे बघू लागले. समोर पुराच्या नव्या आराखड्याचा मसुदा होता. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दोनदा कशी? आमच्याकडे एकच तर आहे."

"तेच म्हणतेय. तुमच्या पानावर ती जखमींना टेकडीवर नेतेय. आणि अग्निशमनच्या पानावर तीच गाडी त्याच वेळी खालच्या वस्तीत उभी आहे."

अग्निशमन दलाचे प्रमुख मोठ्यानं हसले. "म्हणजे आम्ही डॉक्टरांच्या भरवशावर आणि डॉक्टर आमच्या. दोन घरचा पाहुणा उपाशी!"

सगळे हसले. तीही हसल्यासारखं करून खाली बघू लागली. प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला ती हे शिकवायची. गाडी असो, दोर असो, माणूस असो, संकटाच्या वेळी ते एकाच ठिकाणी असतं, म्हणून एकाच ठिकाणी मोजायचं. मागच्या पुराच्या आधीही ती हेच शिकवत होती.

"आणखी एक," तिच्या आपत्ती विभागाचे साहेब कागद गोळा करत म्हणाले, "पंपघराच्या भिंतीवरचं ते चिन्ह अजून तसंच आहे म्हणे. धोक्याच्या पट्ट्यातली बाकी सगळी पुसून झाली. उद्या रंगीत तालीम आहे, मॅडम. लोक चुकून तिकडे गेले तर?"

"बघते मी."

"गेल्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

तिनं मसुदा मिटला. पिवळं वर्तुळ आणि आत येणारे चार बाण, म्हणजे इथे जमा. गावातली ती सगळी चिन्हं तिच्या नवऱ्यानं काढली होती. तो पाट्या रंगवायचा. पंपघराच्या भिंतीवरचं मात्र त्यानं कुणी न सांगता, घरच्यांपुरतं, लहानसं काढलं होतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. उद्यासाठीची चाचणी होती, सगळ्यांना ठाऊक होतं, तरी खिडकीची काच थरथरायची थांबेपर्यंत सगळे तिकडेच बघत राहिले. पाठोपाठ तिचा फोन वाजला. शाळेतून बाईंचा होता.

"अहो, तुमची लेक परत निघून गेली. फाटकावरच्या मावशी थांब थांब म्हणत होत्या, पण ऐकेल तर शपथ!"

कुठे गेली, हे तिनं विचारलं नाही.

पंपघर नदीच्या अंगाला, रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे होतं. मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून भिंतीला टेकून उभी होती. मागच्या पुराच्या वेळी तिचं डोकं वर्तुळाच्या खाली राहायचं. आता खालचा बाण तिच्या केसांत शिरत होता.

"आलीस?" मुलगी म्हणाली.

"आले. अगं ठिपके, नुसती चाचणी होती ती. सकाळीच सांगितलं होतं ना मी?"

"माहितेय."

"मग?"

"तू येतेस का ते बघत होते."

"आले की."

"चाचणीला येतेस तू," मुलगी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

घरी सासूबाई नळ बंद करून परत एकदा पिळत होत्या. मुलगा पुरात गेला त्या दिवसापासून पाण्याची टपटप त्यांना सहन होत नसे. रात्री कुठे थेंब वाजला की त्या उठून बसत आणि सगळं शांत असलं तरीही उठून बसत. कपाटातून टर्पेंटाईनचा वास अजून यायचा. त्याचे ब्रश तिथेच, बरणीत, दगडासारखे कडक होऊन उभे होते.

"तिला रागावू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "बापानं सांगितलंय तेच करते ती."

"रागावले नाही, आई."

"पंपघराशी आम्हाला टेंपोत चढवलं त्यानं. मी म्हटलं, बाबा रे, तूही चल. भोंग्यावर तेव्हा, सूनबाई, तुझाच आवाज चालला होता, कुणासाठी थांबू नका, वर चला, वर चला. तर हसला. म्हणाला, आई, ते तिचं ऑफिसातलं बोलणं. घरी ठरलंय, सगळे जमल्याशिवाय जागा सोडायची नाही. ती आली की आम्ही दोघं येतोच मागनं."

हे तिनं किती तरी वेळा ऐकलं होतं. सासूबाईंच्या सांगण्यात दोष देणं कधीच नसे. म्हणूनच ते ऐकवत नसे.

घरचा तो आराखडा तिनंच केला होता. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, सगळ्यांना समोर बसवून. दारामागे कोणती पिशवी ठेवायची, आजीचं औषध कुणी घ्यायचं, भेटायचं कुठे. नवरा थट्टा करत होता, "आता आपल्या घरालाही आराखडा! उद्या भांडायचीही रंगीत तालीम घे." तरीही मग उठून रंगाचा डबा घेऊन तोच पंपघराकडे गेला होता. तिनं चार माणसं मोजली आणि चौथी स्वतः. ऑफिसच्या आराखड्यात नियंत्रण कक्षातल्या खुर्चीवरही तीच होती, आणि पाणी ओसरेपर्यंत त्या खुर्चीवरून उठता येत नाही. दोन्ही कागद तिच्याच हातचे होते. ते तिनं कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

ती मुलीजवळ जाऊन बसली.

"उद्या भोंगा झाला की आजीचा हात धरायचा आणि सरळ टेकडीवर जायचं. पंपघराकडे वळायचं नाही."

"आणि तू?"

"मी येणार नाही."

"उद्या नाही?"

"उद्या नाही आणि खरा पूर आला तरी नाही. मी तेव्हा कामावर असते, ठिपके. येईन असं वाटलं, तरी मला येता येत नाही. माझी वाट बघायची नाही."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. डोळे अगदी बापाचे.

"बाबांना सांगितलं होतंस हे?"

"नाही."

"सांगायला हवं होतंस."

"हो."

आत सासूबाईंनी बंद नळ पुन्हा पिळला.

झोपण्याआधी तिनं कपाट उघडलं, सगळ्यात रुंद ब्रश काढला आणि टर्पेंटाईनमध्ये भिजत ठेवला.

तालमीला गर्दी चांगली होती. ती फाट्यावर केशरी जाकीट घालून उभी होती. लोक बोलत, हसत वर चालले होते. किराणा दुकानदार खुर्ची डोक्यावर घेऊन निघाला होता.

"मॅडम, खऱ्या पुरात वर चहाची सोय आहे ना?"

"पोचलात तर आहे. खुर्ची इथेच ठेवा."

"अहो, गुडघे माझे आहेत, आराखडा तुमचा!"

मागून सासूबाई आणि मुलगी आल्या. फाट्यावर मुलगी थांबली. तिथून भिंत दिसते. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे. आईचा हात वर जायला निघाला होता. तिनं तो जाकिटाच्या खिशात घातला आणि तिथेच घट्ट मिटला.

"चल गं पोरी, वाटेत उभी राहू नकोस," मागची शेजारीण म्हणाली.

सासूबाई वळल्या. "सूनबाई, तू..."

"आजी," मुलगी म्हणाली, "आई येणार नाहीये. चल."

तिनं आजीचा हात धरला आणि चढ चढू लागली. दप्तर पाठीवर उडत होतं. वळणापर्यंत तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. आई सगळा वेळ तिच्याकडेच बघत होती, आणि खिशातली मूठ तिला सोडवत नव्हती.

दुपारी गाव पुन्हा खाली उतरलं, दुकानं उघडली. ती ऑफिसातून भिंतीच्या रंगाचा डबा घेऊन पंपघराकडे गेली. भिजलेल्या ब्रशचे केस टोकाशी मऊ झाले होते, मुळाशी अजून कडकच होते. आत पंपांची घरघर चालू होती. भिंतीला तळवा लावला तर ती घरघर हातात येत होती, कुणी पलीकडून बोलल्यासारखी.

वर्तुळाच्या कडेपासून तिनं सुरुवात केली. राखाडी रंग चिन्हावरून गेला आणि थोड्या वेळानं खालून पिवळा पुन्हा वर आला. चारही बाण दिसत होते, फिकट, आत येणारे.

पिवळा हट्टी असतो, असं नवरा म्हणायचा. एका हातात जात नाही. पहिला हात पुरता वाळू द्यायचा आणि मगच दुसरा द्यायचा. मधे घाई करायची नाही.

तिनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. ऑफिसात साहेब तालमीचा अहवाल मागत असणार. खिशात फोन वाजला, वाजून थांबला.

ती तिथेच, वर्तुळासमोर, रंग वाळायची वाट बघत उभी राहिली.