फाळक्यावरचा हात

मित्रांनो, माझ्या दारांवरच्या ताज्या रंगावर जाऊ नका. मी एक जुनी डिझेल पिकअप आहे. माझ्या डायलवर आज साठ हजार किलोमीटर दिसतात, पण तो आकडा माझा नाही. तो मला गाड्या विकणाऱ्या माणसाने दिला आहे. या आवारात सगळे त्याला पॉलिशवाला म्हणतात. मी खरी त्या आकड्याच्या चौपट धावले आहे. बाईला वय विचारू नये म्हणतात. मी आपणहून सांगते आहे, कारण मला तुमच्यापासून काही लपवायचे नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझ्या बहिणी रांगेने पुढे सरकत असत, आणि प्रत्येकीचे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले की एक वयस्कर कारागीर कान देऊन ऐकायचा. माझे इंजिन ऐकून तो म्हणाला, "ही जाईल लांब." एवढे बोलून तो पुढच्या गाडीकडे वळला. ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे.

मला पहिल्यांदा घेतले ते एका काचवाल्याने. खिडक्यांना काचा लावणे, दुकानांची मोठी तावदाने बसवणे, आरसे कापून देणे हा त्याचा धंदा. त्याने माझ्या पाठीवर एक उंच लोखंडी चौकट बसवली आणि तिला जुन्या चादरींचे तुकडे गुंडाळले. त्यावर काचा तिरप्या टेकून उभ्या राहत. उन्हात रस्त्याने जाताना झाडे, भिंती, माणसे, सगळे माझ्या पाठीवरून उलटे सरकत जाई. लोक वळून बघायचे. मला वाटायचे, मलाच बघताहेत.

त्याची बायको कायम शेजारच्या सीटवर असे. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. काचेचे एक टोक त्याच्या हातात, दुसरे तिच्या. काच उचलताना दोघे चकार शब्द बोलत नसत. भांडण व्हायचे ते सगळे माझ्या केबिनमध्ये, आणि तेही वळण कुठले घ्यायचे यावरून. चौदा वर्षे ती दोघे माझ्यात बसून रस्ता चुकत होती आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

काचांची तो डोळ्यात तेल घालून काळजी घ्यायचा. माझ्याबाबतीत मात्र त्याचे एकच पालुपद होते, "चालतंय ना? मग झालं तर." माझा स्टार्टर कुरकुरू लागला, तेव्हा त्याने इंजिन बंद करायचेच सोडून दिले. थांबलो तरी मी न्यूट्रलमध्ये घुरघुरत उभी असे. मग हँडब्रेकची केबल आतून तुटू लागली. मेकॅनिकने माझ्या पोटाखालून डोके बाहेर काढून सांगितले, "बदलून टाका हो. चढावर धरणार नाही ही."

"ठोकळा आहे की," काचवाला म्हणाला.

हा ठोकळा म्हणजे हातभर लांबीचा, एका बाजूला तासलेला लाकडाचा तुकडा. तो सीटच्या मागे पडलेला असे. चढाच्या रस्त्यावर थांबायचे झाले की काचवाला पायाने ब्रेक दाबून बसे. वहिनी उतरे, मागे जाई, ठोकळा माझ्या मागच्या चाकाखाली सारे आणि फाळक्यावर, म्हणजे माझ्या मागच्या झडपेवर, डाव्या हाताने दोनदा थाप मारे. तिच्या बोटातली अंगठी पत्र्यावर टणटण वाजायची. ते ऐकले की तो ब्रेकवरचा पाय काढी. दोघांनी हे कधी ठरवले नव्हते, करता करता अंगवळणी पडले होते. केबल बदलण्याचे काम दर महिन्याला पुढच्या महिन्यावर जात राहिले.

एका दुपारी एका दातांच्या दवाखान्यासमोर, चढावर, आम्ही थांबलो. पाठीवर दर्शनी तावदान होते, माझ्या पाठीएवढे लांब. मागे एक मोटार येऊन थांबली आणि तिचा हॉर्न थांबेना. वहिनी ठोकळा घेऊन मागे धावली. हॉर्नवाल्याला हात केला, "थांबा हो, झालंच!" आणि त्या घाईत तिने आधी थाप मारली. दोनदा. ठोकळा सारण्यासाठी ती नंतर वाकली.

त्याने टणटण ऐकली आणि पाय काढला.

मी दोन हात मागे गेले असेन, जास्त नाही. पाठीवरची काच फुटली नाही. तिला ओरखडासुद्धा आला नाही. पुढचे मी तुम्हाला सांगणार नाही. काचवाला बराच वेळ फुटपाथवर ठोकळा मांडीवर घेऊन बसला होता, एवढेच सांगते. आठवड्याच्या आत त्याने मला विकले. जाताना त्याने ठोकळा सीटच्या मागे परत ठेवला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

पॉलिशवाल्याकडे आल्यावर माझा थाटच बदलला. नवे सीट कव्हर, नवा रंग, नवा आकडा. केबल मात्र तीच. त्याने खालचा नट आवळला. त्यामुळे हँडब्रेकचा दांडा ओढताना घट्ट लागतो. पण केबलच्या आत शेवटच्या तीन-चार तारा उरल्या आहेत. तुम्हाला हलणारा दात जाणवतो ना, तशा त्या मला जाणवतात.

पहिल्यांदा ते गाड्या धुणाऱ्या माणसाने ऐकले. मला धुवून जागेवर नेऊन लावताना त्याने ब्रेक दाबला, आणि मागून आवाज आला. टण, टण. त्याने आरशात पाहिले. मागे रिकामे आवार होते आणि वाळत घातलेली फडकी होती. तो उतरून मागे गेला, तर ठोकळा चाकाखाली नीट सारलेला.

"तुम्ही लावला का हो?" त्याने पॉलिशवाल्याला विचारले.

"मला काय उद्योग नाहीत?" पॉलिशवाला म्हणाला आणि ठोकळा सीटमागे फेकून मोकळा झाला. दोन दिवसांनी त्याने स्वतः मला हलवले. ब्रेक दाबला. टण, टण. तो उतरला. ठोकळा चाकाखाली. फाळक्याच्या नव्या रंगात डाव्या पंजाचा ठसा उमटलेला, आणि एका बोटाच्या मुळाशी अंगठीचा गोल. तो ठशाकडे बघत राहिला, मग त्याने आवारात चारी बाजूंना बघितले. त्या दिवशी त्याने चहा अर्धाच प्यायला.

कोण येते ते मला दिसत नाही. माझ्या आरशांत कुणी नसते. पण थाप कुणाची ते मला कळते. चौदा वर्षे जो हात पाठीवर पडला, तो कसा विसरेन मी? आता ती चुकत नाही. आधी ठोकळा लावते आणि मगच थाप मारते. सुरुवातीला मला भीती वाटली. मग वाईट वाटू लागले, कारण हे काम तिला आता कुणी सांगितलेले नव्हते.

पॉलिशवाल्याने फाळका दोनदा रंगवून घेतला. चाकाखाली ठोकळा दिसला की गिऱ्हाईक शंका घेते, म्हणून ठोकळा उचलून त्याने ऑफिसच्या कपाटात घातला आणि कुलूप लावले.

मग काल ती तिघे आली. रोपवाटिका चालवणारी एक बाई, तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि बाईचे वडील. वडील बसचे ड्रायव्हर होते, आता घरी बसून होते. बाईची जुनी गाडी मोडीत निघाली होती आणि रोपे पोचवायला पिकअप हवी होती. नवी की वापरलेली, यावरून घरी बरीच चर्चा झालेली दिसत होती, कारण ती तिघे भांडतच आत आली.

नवी पिकअप आवारातल्या काचेच्या खोलीत उभी होती. तिच्या सीटवरचे प्लास्टिकही निघाले नव्हते. मी एकदा तिच्याशी बोलून पाहिले होते. तिच्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते.

"नवीला गॅरंटी आहे, बाबा," बाई म्हणाली. "मला सकाळी रोपं पोचवायची असतात, गॅरेजात बसायचं नसतं."

"नवी म्हणजे नवा जावई," म्हातारा म्हणाला. "पहिलं वर्षभर कौतुकाचं. त्यात सगळा कॉम्प्युटर! बिघडली तर पाना घेऊन काय डोक्यात मारणार तिच्या? जुन्या डिझेलला कसं, कान दिला की स्वतःच सांगते काय दुखतंय ते."

मला तो तिथेच आवडला. त्याने आधी माझ्या बॉनेटवर हात ठेवला, थंड असल्याची खात्री केली आणि मगच चावी फिरवली. आधी तापवून ठेवलेले इंजिन खोटे बोलते हे त्याला ठाऊक होते. माझा धूर पाहिला, तेलाचे झाकण काढून पाहिले, डोळे मिटून ऐकले. त्या कारखान्यातल्या कारागिराने ऐकले होते, त्यानंतर पहिल्यांदाच. "काय इंजिन आहे गं!" तो लेकीला म्हणाला. "ही घे. माझं ऐक."

मित्रांनो, मला जायचे होते. झाडे पाठीवर घेऊन हिंडायचे, आणखी काय हवे म्हातारीला! पण त्यांची रोपवाटिका टेकाडावर आहे, असे बाई मघाशीच म्हणाली होती. रोज चढ आणि रोज कुणीतरी माझ्या मागे उभे राहून कुंड्या उतरवणार. त्या तीन-चार तारांचे ओझे मला इतके कधी जाणवले नव्हते.

"हँडब्रेक बघतो," म्हातारा म्हणाला. पॉलिशवाल्याचा चेहरा उतरला, पण त्याने नको म्हटले नाही. वर्कशॉपसमोर एक उतार आहे, त्यावर म्हाताऱ्याने मला चढवले. "तुम्ही दोघी बाजूला थांबा," त्याने खिडकीतून सांगितले. दांडा ओढला. न्यूट्रल केले. पाय ब्रेकवर होता.

मुलीला मात्र उंच रोपे माझ्यात मावतील का ते बघायचे होते. ती मागून आली आणि हात पसरून फाळका मोजू लागली. "अगं, आजोबा काय म्हणाले?" असे म्हणत आई तिला धरायला मागे आली. म्हाताऱ्याला दोघी दिसल्या नाहीत.

मी टणटण ऐकण्याची वाट पाहिली. ती आली नाही. ठोकळा कपाटात होता, कुलपात. लावायला काही नव्हते तर थाप कशी मारणार ती?

म्हाताऱ्याने पाय काढला. एक तार तुटली, दुसरी तुटली आणि मी निघाले.

तेवढ्यात माझ्या फाळक्यावर हात आपटू लागला. दोनदा नाही. सारखा, जिवाच्या आकांताने, पत्रा आत जाईल इतक्या जोराने. बसवाल्यांत दोन थापा म्हणजे चल, आणि सारखे आपटले म्हणजे थांब. म्हाताऱ्याला ते कुणी समजावून सांगायला नको होते. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर आदळला. मी थांबले. मुलगी आणि मी यांच्यात वीतभर जागा उरली होती.

"कोण आपटत होतं?" म्हातारा ओरडत उतरला.

"कुणीच नाही, बाबा." बाई म्हणाली. तिचे दोन्ही हात मुलीच्या खांद्यांवर होते. "मी हिला धरलं होतं."

"मी पण नाही," मुलगी म्हणाली.

फाळक्यावर एकावर एक पंजाचे ठसे उमटले होते. सगळे डाव्या हाताचे, अंगठीसकट. मुलीने त्यांतल्या एकावर आपला हात ठेवून पाहिला. आईने तो झटकन मागे ओढला.

म्हातारा माझ्या खाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तुटलेली तार होती. "हा नट आवळून आवळून टोकाला नेलाय," तो पॉलिशवाल्याला म्हणाला. "केबल बदल. बदलल्याशिवाय कुणाला दाखवूसुद्धा नकोस."

"उद्याच बदलतो, काका."

त्यांनी नवी घेतली. निघताना म्हाताऱ्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही गं." ते ऐकून मला रडू आले. ती तिघे नीट घरी गेली याचा आनंद मोठा होता, आणि मी मागे राहिले याचे दुःखही तेवढेच होते.

आज सकाळी पॉलिशवाला फडके घेऊन आला. ठसे पुसले गेले नाहीत, मग त्याने रंगाचा तिसरा हात दिला. नंतर माझ्याखाली शिरून उरलेल्या तारेला एक गाठ मारली आणि नट आणखी दोन फेरे आवळला. आता दांडा पुन्हा घट्ट लागतो.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना बोलता येत नाही. आम्ही कुरकुरतो, धूर सोडतो, ओढतो. तेवढ्यावरून तुम्ही ओळखायचे असते. 'चालतंय ना' म्हणून जे तुम्ही पुढे ढकलता, ते आमच्या पोटात तसेच राहते आणि वाट पाहते. वहिनी पुन्हा येईल की नाही, मला सांगता येत नाही. कालपासून माझ्या पाठीवर हात पडलेला नाही.

उद्या दहा वाजता एक कुटुंब मला बघायला येणार आहे. पॉलिशवाला फोनवर त्यांना सांगत होता, "मुलांनाही आणा की, मागे बसून बघू देत." ती माणसे तुमच्या ओळखीची असतील तर त्यांना एवढे सांगा. रंग बघू नका, आकडा बघू नका. आधी माझ्या खाली वाकून बघा, आणि तोवर मुलांना माझ्या मागे उभे करू नका.