तळाला चिकटलेली चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या झाकणावर ही चीर दिसते ना, ती मतपेटी होताना पडली. मूळचा मी प्रसादाचा जुना स्टीलचा डबा, आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीमधल्या कीर्तन मंडळाचा. बारा वर्षं माझ्यातून पाकातले रवा लाडू वाटले गेले. बुक्क्याचा वास अजून माझ्या अंगाला आहे.

आमचा आणि शारजाच्या मंडळाचा एक संघ होता. संघाची बस दर रविवारी लांबच्या हमरिया बंदरातल्या कामगारांना कीर्तनाला आणायची. त्यांत किसन वेल्डर असे. आठवडाभर ठिणग्या पाहिलेले त्याचे डोळे टाळ हाती येताच मिटत.

यंदा अध्यक्षपदाला बापू उभे राहिले. बुवांना विमानतळावरून आणावं ते बापूंनी, आजाऱ्याला जेवण पोचवावं ते बापूंनीच. म्हणून सगळ्यांचे लाडके. संघ सोडायचा, हेही ते बोलत. लोक हसून सोडून देत. ऐनवेळी मतपेटी सापडेना, तेव्हा मला नुसतं पुसून पुढे केलं.

मोजणीत एक चिठ्ठी कमी भरली. "लाडू समजून खाल्ली असेल कुणीतरी," म्हणून सगळे हसले. बापू जिंकले.

"बघा, पब्लिकलाच संघ नकोय. खलास, बाहेर पडू," ते म्हणाले.

किसन हळूच म्हणाला, "बापू, मतं तुम्हाला दिली. बस बंद करायला कुणी दिली?"

"एकच झालं की, किसनराव."

एक नव्हतं, मित्रांनो. हरवलेली चिठ्ठी माझ्या तळाला पाकात चिकटली होती, आणि मी मुका.

दोन रविवार बस आली नाही. किसनच्या जागेवर त्याचे टाळ नुसते पडून होते. मला ते बघवेनात.

तिसऱ्या रविवारी प्रसाद करणाऱ्या नर्मदाकाकूंनी मला गरम पाण्यानं घासलं. चिठ्ठी सुटली. त्यांनी ती बापूंना दिली. 'मत बापूंना. पण संघ सोडू नका. हमरियाची माणसं येऊ द्या.'

अक्षर रोज किराण्याच्या यादीत दिसणारं. बापू बायकोकडे वळले.

"सविता, मला सांगायचंस ना."

"तुम्ही विचारलंत कुठं? अहो, जिंकल्यावर सगळ्यांच्या मनातलं तुम्हीच सांगत सुटलात."

बापूंनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली. मग म्हणाले, "संघ हवा त्यांनी हात वर करा." जवळजवळ सगळेच हात वर गेले. शेवटचा बापूंचा.

बस पुन्हा आली. किसननं माझ्यातला लाडू घेऊन कपाळाला लावला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं; त्याची बस माझ्याच चिकट तळामुळे थांबली होती. मित्रांनो, मतपेटीतून फक्त नाव कळतं, मनातलं नाही. तुम्ही माणसाला तोंडानं विचारा. आणि मला आधी नीट घासा.